आनंदाचा अनुस्वार

"ह्यांना वेल्डिंग येतं का हो?" असं एका सेल्समनने माझ्या मामांना विचारलं. माझ्याबद्दल. मी हातभर अंतरावर उभा, आणि मशीन घ्यायचं होतं मला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं लहानसं शेड आहे. बेस प्लेटा, गसेट म्हणजे सांध्याला आधार देणाऱ्या प्लेटा, ट्रॉलीची किरकोळ कामं. आजवर गॅस कटर आणि ग्राइंडरवर निभावलं, पण आता पार्ट्यांना कड लेझरसारखी हवी असते आणि रेट गॅस कटिंगचा. म्हणून सीएनसी प्लाझ्मा टेबलाचा, म्हणजे संगणकाच्या हुकमाने विजेच्या आर्कने धातू कापणाऱ्या मशीनचा, डेमो बघायला भोसरीला निघालो. मामांना पुण्यात डोळे दाखवायचे होते, म्हणून तेही गाडीत बसले. मामा म्हणजे जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त मराठीचे गुरुजी. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्या शर्टाला ठिणग्यांनी पाडलेली भोकं, हातात पिशवी आणि पिशवीत 12 मिलीमीटरची गंजकी प्लेट. 'सर' कुणाला म्हणायचं ते दारातच ठरलं. मामांना खुर्ची आली. माझी प्लेट "फरशीला डाग पडतात" म्हणून बाहेर चपलांपाशी गेली.

ती प्लेट मी उगाच नेली नव्हती. डेमोला नेहमी कोरा करकरीत 3 मिलीमीटरचा पत्रा लावतात आणि त्यातून गणपती काढतात. गणपती कुठल्याही मशीनवर देखणाच निघतो. मला मात्र 12 च्या प्लेटमध्ये 14 चं बोल्टाचं भोक हवं होतं. प्लाझ्माची खरी परीक्षा तिथे असते, कारण जाडीच्या दीडपटीहून लहान भोक घेतलं की ते निमुळतं होतं, वर बोल्ट जातो आणि खाली अडकतो. शिवाय विचारायचं होतं की टॉर्चची, म्हणजे कापणाऱ्या तोंडाची, उंची आर्कच्या व्होल्टेजवरून मशीन स्वतः धरतं का. प्लेट तापली की उचलते. टॉर्चला ते कळलं नाही तर नोझल प्लेटवर आपटतं आणि पैसे माझे जातात.

"भोक कसं येईल?" मी विचारलं.

"सर," सेल्समन मामांकडे वळून म्हणाला, "ते सगळं सॉफ्टवेअर बघतं."

मामांनी मान डोलावली. त्यांना मोबाइलमधला फोटोसुद्धा मोठा करता येत नाही.

मग गणपती निघाला. मामांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या बंगल्याचं नाव काढून द्याल? 'आनंद'."

द्याल म्हणजे काय! ऑपरेटरने अक्षरं टाकली, टॉर्च फिरला. आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की प्लाझ्माला देवनागरीइतकी सोयीची लिपी नाही. इंग्रजी नाव कापलं तर अक्षरं सुटी पडतात, पट्टीवर एकेक डकवत बसावं लागतं. आपल्या शिरोरेषेने अख्खा शब्द धरून ठेवलेला असतो, उचलला की एकसंध हातात येतो. तसा तो आला. ऑपरेटरने काठाला चिकटलेला वितळल्या लोखंडाचा मळ झाडला आणि मामांपुढे धरला.

मामांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. खोलीत वर्ग भरला.

"हे काय आहे?"

"आनंद, सर."

"हे 'आनद' आहे. अनुस्वार कुठाय?"

सगळ्यांनी टेबलात वाकून पाहिलं. अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला नसतो. तो कापला गेला तसा पट्ट्यांच्या फटीतून खालच्या पाण्यात गेला होता.

"सर, लोकांना कळतं तसं वाचता येतं."

"लोकांना काहीही कळतं," मामा म्हणाले. "पाचवीच्या पोराचा मी अर्धा गुण कापायचो. तुमचं मशीन कितीचं आहे?"

सेल्समनने आकडा सांगितला.

"एवढ्यात अनुस्वार बसत नाही?"

हा प्रश्न बिनतोड होता. सेल्समनने शर्टाची बाही सरसावून काळ्या पाण्यात हात घातला. आधी कुणाचं तरी वॉशर निघालं, मग गणपतीच्या कानामागचा तुकडा. मामा प्रत्येक तुकडा तपासून "हा नव्हे" म्हणत होते. शेवटी रुपयाएवढी टिकली सापडली. आता ती बसवायची कशी? आणि इथे तो प्रश्न आला. ह्यांना वेल्डिंग येतं का हो?

"येतं की," मामा कौतुकाने म्हणाले. "तेच तर करतो तो."

बारीक सळईचा तुकडा देऊन मी टिकली वेल्डिंगच्या ठिपक्याने शिरोरेषेवर टॅक केली. मशीन घ्यायला गेलो आणि त्यांचंच काम करून आलो. वर सेल्समन म्हणाला, "हात चांगला आहे. कुठे कामाला असता?"

माझी प्लेट शेवटपर्यंत चपलांपाशीच होती.

हसून सोडून दिलं असतं, पण कोटेशन बघा. किंमत टेबलाची, म्हणजे चौकट, रॅक-पिनियन, मोटारी आणि कंट्रोलर. कापणारी वस्तू, म्हणजे प्लाझ्मा सोर्स, वेगळी. कॉम्प्रेसर वेगळा, एअर ड्रायर वेगळा, एका पत्र्यात जास्तीत जास्त तुकडे बसवून देणारं नेस्टिंग सॉफ्टवेअर वेगळं, वर 18 टक्के जीएसटी. आमच्या पावसाळ्यात ड्रायरशिवाय हवा दिली तर कॉम्प्रेसरमधलं पाणी टॉर्चमध्ये जाऊन इलेक्ट्रोडच्या टोकाचा हाफ्नियम धातूचा कण बघता बघता खातं. तरी ड्रायरपुढे लिहिलंय 'ऐच्छिक'. जाडीचंही तेच. पत्रकात छापतात ती बहुधा कडेपासून कापायची जाडी, प्लेटच्या मध्ये भोक पाडून सुरुवात करायची तर आकडा खाली येतो. एका नावाजलेल्या 65 अँपिअरच्या सोर्सचं पत्रक प्रामाणिकपणे दोन्ही सांगतं, कडेपासून 20 मिलीमीटर आणि भोक पाडून 16. इथे मला नुसतं 'हेवी ड्यूटी' वाचायला मिळालं.

आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता? तो ठरल्या तारखेला जातो. माझं बिल मात्र मोठ्या पार्टीच्या अकाउंट्समध्ये 'प्रोसेसमध्ये' असतं. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा 2006 पासून कायदा आहे. तो तोंडावर काढला तर पैसे येतील, पुढची ऑर्डर येणार नाही. त्यामुळे मी नमस्कार घालून विचारतो, "साहेब, जरा बघता का?"

कोटेशन आलंय ते मामांच्या मोबाइलवर, मामांच्या नावाने. मामांनी त्याची प्रिंट काढली, लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलं, फोटो काढून परत पाठवलं. सेल्समनने 'धन्यवाद सर' लिहून लगेच पाच टक्के कमी केले. मी दोनदा फोन केला तेव्हा म्हणाला होता, "सरांशी बोलून घेतो."

काल मामा शेडवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "स्टेपर मोटारी घेऊ नकोस रे, सर्व्हो घे." भोकाचं काय, विचारलं तर म्हणाले, "ते सॉफ्टवेअर बघतं."