"अँटिबायोटिकने किडनी जाते" या फॉरवर्डमधलं खरं किती, खोटं किती

सगळीकडे फिरतोय तो मेसेज थोडक्यात असा आहे: ॲडमिट केलं की 'हाय पॉवर' अँटिबायोटिक लावतात, दोन दिवसात क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढतं, किडनी कायमची जाते, मग डायलिसिस. डॉक्टरांना हे सगळं माहीत असतं, म्हणून दोन दिवसांनी इंजेक्शन बंद करायला सांगा आणि पेशंटला भरपूर पाणी पाजा. यातला एक तुकडा खरा आहे, म्हणूनच लोकांना सगळंच पटतं आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. मी आयसीयूत क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, डोस ठरवायला मदत करणं हेच रोजचं काम, त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

"क्रिएटिनिन वाढलं म्हणजे इंजेक्शनचाच प्रताप." आयसीयूत किडनी अचानक बिघडायचं सगळ्यात मोठं कारण सेप्सिस आहे, म्हणजे ज्यासाठी ॲडमिट केलं ते इन्फेक्शनच अख्ख्या शरीरावर उलटतं. बीपी पडतं, बारीक रक्तवाहिन्यांवर मार बसतो, लघवी कमी होते आणि हे बऱ्याचदा पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हाच सुरू झालेलं असतं, फक्त क्रिएटिनिनचा आकडा वर यायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर अँटिबायोटिक चालू झालेलं असतं, मग घरच्यांना वाटतं इंजेक्शनने केलं. पावसाळ्यात मुंबईत, सिंधुदुर्गात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस) पेशंट येतात, तो जंतू स्वतःच किडनीत शिरतो. तिथे पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन हाच उपाय आहे, ते बंद करा म्हणणं म्हणजे जंतूला मोकळं रान देणं.

"सगळी अँटिबायोटिक किडनीला विष." सगळी नाहीत. लिनेझोलिड, डॉक्सीसायक्लिन, सेफ्ट्रिॲक्सोन यांचा डोस किडनी कमजोर असली तरी सहसा कमी करावा लागत नाही. सेप्ट्रान या अँटिबायोटिक गोळीतलं ट्रायमेथोप्रिम हे औषध तर क्रिएटिनिनची बाहेर पडायची वाटच अडवतं, त्यामुळे किडनीला काही झालेलं नसतानाही आकडा थोडा चढतो (पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवावं लागतं, ते खरंच वाढतं). ज्यांच्याबद्दल भीती रास्त आहे ती म्हणजे जेंटामायसिन, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन आणि कोलिस्टिन. पण त्यातही अमिकासिन किडनीच्या नलिकांच्या पेशींत हळूहळू साठतं, त्रास साधारण पाच-सात दिवसांनंतर दिसायला लागतो, म्हणजे मेसेजमधला 'दोन दिवसात'वाला हिशोब इथेही बसत नाही.

"एकदा गेली की कायमची." अमिकासिनने दुखावलेल्या नलिकांच्या पेशी परत तयार होतात, औषध वेळेत थांबवलं तर बहुतेकांची किडनी काही आठवड्यात सुधारते. सगळ्यांची नाही. वय झालेलं, शुगर, आधीच किडनीचा आजार असं असेल तर काहींची पूर्ण सुधारत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि याच औषधाने कान गेला तर तो मात्र बहुधा परत येत नाही, मेसेजमध्ये कानाचा उल्लेखसुद्धा नाही!

"डॉक्टरांना माहीत असतं." हो, असतं, असायलाच पाहिजे. कोलिस्टिन 1959 पासून वापरात आहे, किडनीला त्रास होतो म्हणून 1970च्या दशकात ते बऱ्यापैकी बाजूला पडलं होतं, मग क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकलाही दाद देईनासे झाले तेव्हा नाइलाजाने परत काढावं लागलं. भारत सरकारने 2019 मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला तो यासाठीच, माणसांसाठी शेवटचा आधार तरी शिल्लक राहावा म्हणून. धोका माहीत असूनही देतात कारण समोर दुसरा पर्याय मृत्यूचा असतो.

खरी तक्रार करायची तर इथे करा, आणि मी तुमच्या बाजूने उभा राहीन: डोस पेशंटप्रमाणे बदलला जातो का? 80 वर्षांची, 40 किलोची आजी, क्रिएटिनिन 1.0, रिपोर्टवर नॉर्मल. पण वय-वजन धरून हिशोब केला की किडनीचं रक्त गाळायचं काम मिनिटाला साधारण 28 मिलीच येतं, म्हणजे बरंच कमी. तिला धडधाकट तरुणाचा डोस रोज गेला तर नुकसान होणारच आणि ते टाळता येण्यासारखं होतं. व्हॅन्कोमायसिन, अमिकासिनची रक्तातली लेव्हल मोजता येते, पण ती सोय बऱ्याच ठिकाणी नाही, मग निदान क्रिएटिनिन आणि लघवी रोज बघून डोस बदलायला हवा, तेही कधीकधी राहून जातं. राग यायचा तर याचा यावा.

"दोन दिवसांनी बंद करा, पाणी पाजा." हा मुद्दा जीव घेऊ शकतो. सेप्टिक शॉकमध्ये (इन्फेक्शनमुळे बीपी पार कोसळतं तेव्हा) पहिला डोस तासाभरात जायला हवा असं आंतरराष्ट्रीय गाइडलाइन सांगतात, इतकी घाई असते. हां, दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट (जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते सांगणारा) येतो तेव्हा जरूर विचारा की आता साधं, कमी त्रासाचं औषध चालेल का, दोनातलं एक कमी होईल का, एकूण किती दिवस द्यायचंय. हा प्रश्न तुमचा हक्क आहे. पाण्याचं म्हणाल तर शरीर कोरडं पडू नये हे बरोबर, पण पेशीत साठलेलं औषध पाण्याने धुऊन निघत नाही आणि लघवी कमी झालेल्या पेशंटला पाजत राहिलात तर ते पाणी फुप्फुसात जाऊन दम लागतो.

अजून एक, जे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलंच नाही. पेशंट घरी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर, कसलं भस्म, काढा, बीपीची गोळी असं काय काय घेत होता ते ॲडमिट करतानाच सांगा, पाकिटं घेऊन या. लोक कानकोंडे होऊन लपवतात, आणि पेनकिलर अधिक अमिकासिन अधिक कोरडं पडलेलं शरीर हे तिन्ही एकत्र आलं की मग किडनीला सांभाळणं फार अवघड जातं.