हर्बेरियम म्हणजे रोपवाटिका नव्हे

येऊरला फिरायला जाणाऱ्या आम्हा ठाणेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर फिरतोय : ‘विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये औषधी रोपं फुकट मिळतात.’ हे चूक आहे, कृपया पुढे पाठवू नका. तिथे जिवंत रोप नसतंच. असतात त्या दाबून वाळवलेल्या, जाड कागदावर चिकटवलेल्या फांद्या, शक्यतो फुलाफळांसकट. सोबत कुठे, कधी, कोणी गोळा केलं याची चिठ्ठी. ती हरवली तर नमुन्याची निम्मी किंमत गेली.

‘मोबाइलवर फोटो असताना हा कचरा कशाला?’ असंही त्यात लिहिलंय, आणि तेच मला जास्त लागलं. फोटोतून डीएनए काढता येत नाही. वाळलेलं फूल मात्र कोमट पाण्यात भिजवून उकलता येतं, पुंकेसर मोजता येतात. नवी सपुष्प वनस्पती जाहीर करताना तिचा एक नमुना कायमचा जपावाच लागतो. आपली कारवी सात वर्षांनी बहरते. आधीचे बहर ताडायला जुन्या चिठ्ठ्यांवरच्या तारखाच कामी येतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासूनचं आहे.

रोपं हवी असतील तर वन विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करा.