पावडरनं भागत नाही

लांब सायकल चालवताना जांघेत सोलवटू नये म्हणून टाल्कम पावडर लावा, असं सायकलिंगवरच्या एका लेखात म्हटलंय. मे महिन्यात कोल्हापुरातनं पन्हाळ्याला सायकल मारून बघा म्हणावं! वाटेतलं वाघबीळ यायच्या आत पावडरीचा घामात लगदा होतो आणि तोच घासायला लागतो. त्यापेक्षा निघताना व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. सायकलिंगच्या पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंडरवेअर घालायची नसते, हे दुकानदार लाजून सांगत नाहीत. तिचीच शिवण काचते. सीट फार उंच असेल तर पेडल गाठताना कंबर डावी-उजवीकडे हलते, मग काहीही चोपडा, सोलणारच. आणि भावांनो, राईड झाली की घामेजल्या शॉर्टवर तासभर मिसळ हाणत बसू नका. आधी घरी जाऊन धुऊन कोरडे व्हा, कट कुठं पळून जात नाही.