हेड कोच झालं म्हणजेच करिअर का?
लेख छान आहे पण त्यातलं "असिस्टंट कोच म्हणजे हेड कोच व्हायची पायरी" हे काय पटलं नाही बुवा. डॅन्टे स्कारनेकिया घ्या ना, अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनचा (बॉल फेकणाऱ्याला वाचवणारी फळी) कोच होता, १९८२ ला आला, मध्ये दोन वर्षं कोल्ट्स या दुसऱ्या टीमकडे गेला तेवढी सोडली तर तिथंच राहिला, कायमचा हेड कोच कधी झाला नाही तरी पाच सुपर बोल (तिकडची फायनल) आहेत त्याच्या नावावर. आणि तो स्टीफन नील, मूळचा पैलवान, १९९९ चा वर्ल्ड चॅम्पियन, कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता!! त्याला स्कारनेकियाने असा तयार केला की थेट सुपर बोलमध्ये गार्ड (त्याच लाइनमधली जागा) म्हणून स्टार्ट केलं पठ्ठ्यानं. २०१३ च्या सीझननंतर स्कारनेकिया रिटायर झाला, मग २०१५ च्या सीझनला डेन्व्हरमध्ये पेट्रियट्सच्या ब्रेडीला (बॉल फेकणारा त्यांचा स्टार) पार तुडवला तिथल्या टीमने, तेव्हा म्हाताऱ्याला परत बोलावलं आणि पुढच्याच सीझनला २८-३ ने मागे असताना सुपर बोल काढली (श्रेय अर्थात सगळं ब्रेडीला, लाइनकडे बघतंय कोण). २०१४ च्या सीझनची तेवढी हुकली, घरी बसला होता ना बिचारा.