गॅदरिंगच्या नाचातून मुलाला वगळलं, म्हणून शाळेवर दावा लावता येतो का?

डिसेंबर उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: स्नेहसंमेलनाच्या नाचातून मुलाला वगळणं ही ‘सेवेतली त्रुटी’ आहे, पालक ग्राहक आहेत, ग्राहक आयोगात वकिलाशिवाय आणि फुकटात तक्रार करा, मानसिक त्रासाचे लाखो रुपये मिळतील. कोर्टातून आदेश आणून मुलाला स्टेजवर उभंही करता येतं, आणि अमेरिकेत अशी भरपाई मिळालेलीच आहे. यातल्या एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे बाकीच्याही पटतात. महिनाभर सराव केलेलं मूल ऐनवेळी बाजूला काढलं गेलं तर घरी जे रडणं होतं ते क्षुल्लक नाही. म्हणूनच त्या पालकांनी चुकीच्या दारात जाऊन हेलपाटे घालू नयेत, असं वाटतं.

आधी ‘पालक ग्राहक आहेत’ हे बघू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजीत कौर या प्रकरणात आणि २०१२ मध्ये पी. टी. कोशी प्रकरणात शिक्षण ही विकाऊ वस्तू नाही, शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा देत नाहीत, अशी भूमिका घेतली. २० जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने मनू सोळंकी प्रकरणात त्यापुढे जाऊन सांगितलं की सहली, पोहणं यांसारखे अभ्यासेतर उपक्रमही शिक्षणाच्याच कक्षेत येतात आणि म्हणून ग्राहक कायद्याबाहेर राहतात. अपवाद फक्त कोचिंग क्लासचा. शाळेचा नाच अभ्यासेतर उपक्रमच असतो. या निकालावरचं अपील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दाखल करून घेतलं, त्यामुळे प्रश्न त्या निकालाने कायमचा मिटला असं म्हणता येत नाही. पण जिल्हा आयोगात शाळेचा वकील पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे ठेवणार, हे धरून चाला.

तक्रार फुकट होते आणि वकील लागत नाही, हे मात्र खरं आहे. सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे ५ लाख रुपयांपर्यंत असतील तर शुल्क शून्य, आणि बाजू स्वतः मांडता येते. मुदत २ वर्षांची. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे आयोगाने एरवी २१ दिवसांत ठरवायचं असतं, आणि अशी तक्रार बहुधा याच टप्प्यावर अडते. याला एक वळसा आहे, तो त्या मजकुरात नाही. तुम्ही पैसे शाळेला न देता थेट बाहेरच्या नृत्यवर्गाला किंवा ड्रेस भाड्याने देणाऱ्याला दिले असतील आणि त्यांनी काम केलं नसेल, तर तुम्ही त्यांचे ग्राहक आहातच. तिथे तक्रार टिकते.

लाखोंच्या भरपाईचं काय? दिवाणी दाव्यात भारतीय करार कायद्याचं कलम ७३ लागतं. करारभंगातून साहजिकपणे झालेलं नुकसान मिळतं, दूरचं आणि अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. मुळात ‘तुमच्या मुलाला या नाचात घेऊ’ असा करार दाखवावा लागतो, आणि प्रवेशाच्या फॉर्मवर किंवा फीच्या पावतीवर असं काही लिहिलेलं नसतं. निवड शिक्षकांनी करायची असते. सरावाला गैरहजेरी, गटात जागा नसणं, उंचीच्या जोड्या न जुळणं, अशी कारणं शाळेने दिली तर न्यायालय स्वतः नाच बसवायला बसत नाही.

मनाई हुकूम मिळवून मूल स्टेजवर नेण्याचंही तसंच आहे. अंतरिम आदेशासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: सकृद्दर्शनी हक्क, आदेश न मिळाल्यास कोणाची गैरसोय जास्त, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान. तिसरी गोष्ट पालक कळकळीने मांडतील, पण पहिलीच सिद्ध होत नाही. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका घेऊन जायचं तर प्रकरणात सार्वजनिक कर्तव्याचा भाग लागतो. समूहनृत्यातली जागा त्यात बसवणं फार कठीण.

अमेरिकेतलं जे उदाहरण पुढे केलं जातं, ते बहुतेक मिसिसिपीतल्या इटावांबा काउंटीचं असतं. २०१० मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीला मैत्रिणीला जोडीदार म्हणून प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या समारंभाला, आणायचं होतं आणि टक्सिडो (पुरुषी सूट) घालायचा होता. शाळेने नकार दिला आणि मग प्रॉमच रद्द केला. तिच्या घटनात्मक हक्काचा भंग झाला, असं संघीय न्यायालयाने मानलं, पण प्रॉम घ्या असा आदेश दिला नाही. पुढे ३५ हजार डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे खटल्याचा गाभा भेदभावाचा होता. चुकलेल्या नाचाची किंमत कोणी मोजली नाही.

आपल्याकडेही कायदा नेमका इथेच धारदार आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात याचा उल्लेखसुद्धा नाही याचं फार वाईट वाटतं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलांना पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय आणि अभ्यासेतर उपक्रमांत वेगळं वागवायचं नाही, असं केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. ‘ड्रेसचे पैसे भरणारेच नाचात’ असा नियम करून हीच मुलं बाहेर पडत असतील, तर तो भेदभाव आहे. दिव्यांग मुलांसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ मान्यताप्राप्त शाळांना खेळ आणि करमणुकीची समान संधी द्यायला लावतं. ‘व्हीलचेअर स्टेजवर बरी दिसत नाही’ हे कारण त्यापुढे टिकत नाही. तक्रार पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. फी थकली म्हणून मुलाला सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढलं असेल, तर आरटीईचं कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं आणि संबंधितांवर शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूद करतं. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने अशी लेखी तक्रार ३ महिन्यांत निकाली काढायची, आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. आरटीई ६ ते १४ वयाच्या मुलांपुरता आहे, हे नववी-दहावीच्या पालकांनी लक्षात ठेवावं.

स्टेज कोसळून किंवा विजेचा धक्का बसून मूल जखमी झालं, तर तो निष्काळजीपणाचा स्वतंत्र विषय आहे आणि तिथे दिवाणी दावा खरोखर लागतो.

भेदभाव नसेल आणि फक्त मूल वगळलं गेलं असेल, तर निवड जाहीर झाली त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती पोच म्हणून ठेवा. अर्जात मुलाची इयत्ता-तुकडी, सरावाच्या तारखा, वगळल्याचं कोणी आणि कधी सांगितलं, आणि काय हवं आहे एवढंच लिहा: दुसऱ्या कार्यक्रमात जागा किंवा ड्रेसचे पैसे परत. ड्रेससाठी शाळेने घेतलेले पैसे मूल नाचलंच नाही तर परत मागता येतात, फक्त पावती किंवा यूपीआयच्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडा. वर्गशिक्षिकेच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवलेले पैसे ‘शाळेला मिळालेच नाहीत’ असं उत्तर येतं, म्हणून पैसे मागणारा मेसेजही जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. अनुदानित शाळेने गॅदरिंगसाठी किती रक्कम गोळा केली आणि कशावर खर्च केली, हे १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर मागता येतं, उत्तराची मुदत ३० दिवस. गॅदरिंग होऊन गेल्यावर अर्ज दिला तर पैसे मिळू शकतात, जागा मिळत नाही.