आईचे गुडघे आणि दोन गड

सप्टेंबरअखेर आई म्युनिकला येतेय. तिथून तिला अथेन्सला न्यायचं, तिथला टेकडीवरचा प्राचीन गड, अक्रोपोलिस, दाखवायचं, हे दोन वर्षांपासून मनात आहे. तिकीट 30 युरो आणि त्यावर प्रवेशाची वेळ ठरलेली, म्हणून सकाळची पहिलीच वेळ घ्यायची. वर सावली जवळजवळ नाही. पावलांनी गुळगुळीत झालेल्या संगमरवरावर पाय सटकतो, तेव्हा तिला चांगल्या पकडीचे बूट आधी घेऊन द्यायचेत.

खरा प्रश्न तिच्या गुडघ्यांचा. फोनवर तिनं पहिलं हेच विचारलं, "तिकडं रोपवे आहे का रे?" कॉलेजात असताना ती रायगडाच्या दीडेक हजार पायऱ्या चढली होती. मागच्या खेपेला रोपवेनं गेली आणि महाराजांच्या समाधीपाशी कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. सिंहगड-राजगडाच्या प्रस्तावित रोपवेवरून घरच्या ग्रुपवर वाद पेटला की मला ती बसलेली आई दिसते. "गड पायांनीच चढायचा," असं म्हणणारा माझा मामेभाऊ रविवारी गडावरचं प्लास्टिक वेचतो. त्याची तळमळ खरी आहे. पण पाय थकले म्हणून माणसाचं गडाशी नातं तुटलं, हे मला मान्य नाही.

हे भांडण ग्रीकांचंही झालंय. 2020 मध्ये अक्रोपोलिसच्या उत्तर कड्याला नवी लिफ्ट बसली आणि वर काँक्रीटच्या वाटा झाल्या. प्राचीन खडक झाकला म्हणून मोठा गदारोळ उठला. खडक आणि काँक्रीट यांच्यात थर घातलाय, उद्या काँक्रीट काढता येईल, असं ते काम करणाऱ्यांचं उत्तर. फोटोंत तरी मला त्या वाटा गरजेपेक्षा रुंद दिसतात. लिफ्टबद्दल मात्र माझ्या मनात किंतु नाही. ती चालता न येणाऱ्यांसाठी आहे, धडधाकट माणसानं चढूनच जायचं.

शिवाय सप्टेंबर 2023 पासून तिथं दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे, तीही तासातासानं वाटून. उष्णतेच्या लाटेत दुपारी दरवाजे बंद ठेवतात. आपल्या वादात असा आकडा क्वचितच ऐकू येतो. जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड धरून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, म्हणजे गर्दी वाढणारच. राजगडाच्या बालेकिल्ल्याची ती अरुंद चढण एका दिवसात किती माणसं सोसेल? आधी हे मोजा. मग रोपवेचं ठरवा, आणि झालाच तर त्यात पहिली जागा म्हाताऱ्या नि अपंग माणसांना द्या. मोजदाद न करता रोपवेचे पाळणे सुरू केले, तर मामेभावाची भीती खरी ठरेल आणि तेव्हा मी त्याच्याच बाजूनं बोलेन.

अक्रोपोलिसची लिफ्ट जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. म्हणून अथेन्समध्ये एक दिवस जादा धरलाय. आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं, आणि वारा असला तर आईला आधी पायथ्याचं संग्रहालय दाखवायचं.