उचलून आत नेता येणारी स्टँडीसुद्धा पदपथावर अडथळाच ठरते

ठाण्यातील दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे असे: दुकानाबाहेरची स्टँडी, म्हणजे पदपथावर उभी केलेली जाहिरातीची पाटी, रात्री आत घेतली जाते, ती जमिनीत रोवलेली नसते, म्हणून ते अतिक्रमण नव्हे. ती स्वतःच्याच धंद्याची जाहिरात असल्यामुळे तिला परवानगी लागत नाही. मालमत्ता कर भरणाऱ्याचा दुकानापुढील तीन फुटांवर हक्क असतो. तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय महापालिकेचे पथक तिला हात लावू शकत नाही. आणि राजकीय फलक उभे असेपर्यंत दुकानदारावर कारवाई करताच येत नाही, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. हा मजकूर कायद्याच्या भाषेत लिहिलेला असल्यामुळे तो खरा वाटतो. त्यावर विसंबून पथकाशी वाद घालणाऱ्या दुकानदाराच्या पदरी मात्र नुकसानच पडेल, आणि त्याच्या दारावरून चालणाऱ्या माणसाला तर त्याचा त्रास रोजच होतो. म्हणून त्यातील एकेक दावा तपासणे आवश्यक आहे.

पहिला दावा असा की, हलवता येणारी वस्तू हे अतिक्रमण नव्हे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २२९ नेमके याच्या उलट सांगते. रस्त्यात अडथळा किंवा अतिक्रमण होईल असे बांधकाम, मग ते पक्के असो वा हलवता येण्याजोगे, कायमचे असो वा तात्पुरते, आयुक्तांच्या परवानगीशिवाय उभारण्यास तेथे मनाई आहे. पुढचे कलम २३० तर रस्त्यावर नुसत्या ठेवलेल्या वस्तूंविषयीच आहे, आणि त्यात खुर्ची, बाक, खोके, शिडी अशा रोज उचलून ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंची नावे येतात. स्टँडी रोवलेली आहे की नाही, हा प्रश्न कायदा विचारतच नाही. तिच्यामुळे वाट अडते का, एवढेच तो पाहतो.

वाट कशी अडते, हे गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर संध्याकाळी सहानंतर चालून पाहावे. पदपथाच्या रुंदीतून आधीच झाड, विजेचा खांब आणि वीजवाहिनीची पेटी यांची जागा वजा झालेली असते. उरलेल्या पट्ट्यात दोन्ही पाय फाकवून उभी राहिलेली घडीची स्टँडी सुमारे दोन फूट जागा घेते. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी रुंदी असावी, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यातले दोन फूट गेले, तर समोरून येणाऱ्या माणसाला वाट देताना एकाला रस्त्यावर उतरावेच लागते. पावसाळ्यात वारा लागून पाटी पडू नये म्हणून तिच्या खालच्या दांडीला विटा किंवा वाळूची पिशवी बांधली जाते. रात्री पाटी आत जाते आणि विटा बाहेरच राहतात. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीसाठी ही वस्तू विशेष घातक आहे, कारण काठी दोन पायांच्या मधल्या पोकळीतून सहज आत जाते आणि वरच्या पत्र्याची कडा थेट गुडघ्यावर किंवा मांडीवर आदळते. भिंत किंवा खांब कायम एकाच जागी असल्यामुळे रोजच्या वाटेवर तो लक्षात ठेवता येतो. स्टँडी रोज जागा बदलते, म्हणजे संदेशात जो गुण म्हणून सांगितला आहे तोच तिचा मोठा दोष आहे.

‘स्वतःच्या धंद्याच्या जाहिरातीला परवानगी लागत नाही’ हा दुसरा दावा सर्वांत फसवा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. त्याच अधिनियमाचे कलम २४५ जाहिरातींसाठी आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक ठरवते आणि काही जाहिरातींना त्यातून सूट देते. इमारतीच्या खिडकीच्या आत लावलेली जाहिरात आणि ज्या जागेत किंवा इमारतीत धंदा चालतो त्याच जागेवर किंवा इमारतीवर लावलेली त्या धंद्याची जाहिरात, यांचा त्या सुटीत समावेश आहे. संदेश लिहिणाऱ्याने यातील ‘त्या धंद्याची’ एवढे शब्द घेतले आणि ‘त्याच जागेवर’ हे गाळले. पदपथ ही धंद्याची जागा नाही, त्यामुळे ही सूट उंबरठ्यापाशीच संपते. शिवाय ती प्रकाशित जाहिरातींना मिळत नाही, आणि हल्ली तर अनेक स्टँडींमध्ये दिव्यांच्या माळा असतात व त्यांची वायर दुकानातून पदपथावर आडवी टाकलेली असते. पायात अडकणारी आणि पावसाच्या पाण्यात पडणारी ही वायर पाटीपेक्षाही अधिक धोक्याची आहे. दुकानाचे नाव मराठीत लावणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून मराठी पाटीला हरकत घेता येत नाही, असाही एक युक्तिवाद याच संदर्भात ऐकू येतो. ते बंधन पाटीवरील भाषेचे आहे; पाटी कुठे ठेवावी याची मुभा त्यातून मिळत नाही.

तीन फुटांच्या हक्काबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या ताब्यात असतात आणि मालमत्ता कर हा मालमत्तेवरचा कर आहे, रस्त्याचे भाडे नव्हे. दुकानापुढील जागा खरोखरच इमारतीच्या भूखंडातील असेल, तर प्रश्न थोडा वेगळा असतो. पण तेथेही ती जागा मंजूर नकाशात मोकळी दाखवलेली असते. नवी मुंबईत वाशी आणि नेरूळमध्ये ‘मार्जिनल स्पेस’वरील, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या जागेतील अतिक्रमणावर, कारवाई होते ती याच कारणाने.

नोटिशीच्या दाव्यात दोन वेगळे कायदे एकत्र कालवले आहेत. तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ मध्ये आहे आणि ती रस्त्यावर बसून किंवा फिरून विक्री करणाऱ्यांना हटवण्याविषयी आहे. गाळा असलेला दुकानदार त्या व्याख्येत बसत नाही. भाजीवाल्याला किंवा चहावाल्याला दीर्घ लढ्यानंतर मिळालेले संरक्षण दुकानाच्या पाटीसाठी वापरणे मला अनुचित वाटते. महापालिका अधिनियमाचे कलम २३१ अशा वस्तू नोटिशीशिवाय हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देते. अर्थात या अधिकारालाही मर्यादा आहेत. मुंबईच्या कायद्यातील तशाच तरतुदीचा विचार ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केला, तेव्हा विनानोटीस कारवाई हा अपवाद असावा आणि सर्वसाधारणपणे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे सांगितले. मात्र तो प्रश्न पदपथावर राहणाऱ्या माणसांच्या निवाऱ्याचा आणि उपजीविकेचा होता, आणि त्याच निकालाने पदपथ सर्वांच्या सोयीसाठी असतात, खासगी वापरासाठी नव्हे, हेही स्पष्ट केले. १४ मे २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, अंतर्भूत असल्याचे म्हटले आणि ते पदपथ दिव्यांगांनाही वापरता यावेत, यावर भर दिला.

राहिला राजकीय फलकांचा मुद्दा. त्यामागची चीड रास्त आहे. चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक दिमाखात उभे असताना एखाद्या चष्म्याच्या दुकानाची पाटी टेम्पोत टाकली जाते, तेव्हा त्या दुकानदाराला अन्याय झाल्यासारखे वाटणारच, विशेषतः त्याचे दुकान गल्लीच्या आतल्या बाजूला असेल आणि वळणावरची पाटी हाच गिऱ्हाईक येण्याचा मार्ग असेल तेव्हा. परंतु दुसऱ्याच्या बेकायदा कृतीवर कारवाई झाली नाही, म्हणून आपल्या बेकायदा कृतीला संरक्षण मिळत नाही. समानतेचा हक्क असा वापरता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. बेकायदा राजकीय फलकही हटवावेत, असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सर्व महापालिकांना दिले आहेत. व्यापारी संघटनांना ही विषमता खरोखर सलत असेल, तर त्यांनी त्या आदेशाचा हवाला देऊन आपापल्या प्रभाग समितीकडे चौकातील फलकांची छायाचित्रांसह लेखी तक्रार करावी. गल्लीतील दुकानांसाठी वळणावर, चालण्याची वाट सोडून, एकाच खांबावर सर्वांची नावे असलेला सामायिक दिशाफलक लावण्याची परवानगीही त्याच वेळी मागावी. अशी मागणी सगळ्या गल्लीने एकत्र केली, तर आयुक्तांना तिचा विचार करण्यात कायद्याची काही अडचण नाही, कारण परवानगी देण्याचा अधिकार त्याच अधिनियमाने त्यांना दिलेला आहे.